मॅग्नेटिक स्टँडच्या नावाखाली ८,९९९ रुपये लुबाडले, टॅबवर काम करणाऱ्यांनी वाचाच

लिहू की नको असं बरेच दिवस चाललेलं, घरच्यांत आणि गिऱ्हाइकांत कळलं तर काय म्हणतील म्हणून. पण परवा त्या स्टँडची तीच जाहिरात परत दिसली, तेच फोटो, तोच २,४९९ चा भाव, फक्त दुकानाचं नाव बदललेलं, आणि डोकंच फिरलं. म्हणून सगळं आकड्यांसकट लिहिते.

मी कोल्हापुरात गुजरीतल्या सराफांसाठी दागिन्यांची डिझाइन्स काढते. साज, ठुशी, बोरमाळ, सगळं आयपॅडवर. साजाचं एकेक पान झूम करून काढायचं म्हणजे तासन्‌तास मान खाली, शेवटी डॉक्टरच म्हणाले टॅब वर उचलून घ्या. साधे फोल्डिंग स्टँड वापरून झालेत, पेन जरा जोरात टेकवलं की टॅब डुगडुगतो. मॅग्नेटवाल्यात टॅब पाठीनं चिकटतो, बिजागरी हवी तशी वाकते, गिऱ्हाइकाशी व्हिडिओ कॉल असला की उभा करा, ड्रॉइंगला खाली झुकवा. चांगल्या कंपनीचा महाग पडतो, त्यामुळे एमआरपी ८,९९९ वाला २,४९९ ला दिसल्यावर मी थांबले, कुणीही थांबलं असतं.

आणि मी डोळे झाकून पैसे भरले नाहीत. साइटवर जीएसटी नंबर होता, पत्ता होता, सात दिवसांची रिटर्न पॉलिसी होती. व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी केली तर विक्रेत्यानंच उलट विचारलं, "मॅडम, पीछे का मॉडल नंबर भेजिए, एअर है या टेन्थ जेन?" हे महत्त्वाचं आहे, कारण एअर ५ आणि दहाव्या जनरेशनचा आयपॅड दोन्ही १०.९ इंची, पण आतले मॅग्नेट सारखे नाहीत, एकाचा स्टँड दुसऱ्याला नीट धरत नाही. मी इथल्या दुकानांत विचारलं तेव्हा हा फरक कुणाला सांगता आला नव्हता. एवढी नेमकी माहिती विचारणारा माणूस चोर असेल असं वाटणार कसं? तर ऐका, ही माहिती नेटवर उघडी पडलेली असते, विक्रेता हुशार बोलला म्हणजे माल त्याच्याकडे आहे असं अजिबात धरू नका.

कॅश ऑन डिलिव्हरी घेतली तर ४०० जास्त, म्हणून प्रीपेड. क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. दुकानाचं नाही, बाईचं. हाच तो क्षण, आजही रात्री झोपताना ती स्क्रीन डोळ्यासमोर येते, अंगठा पिनवर होता आणि नाव समोर ढळढळीत दिसत होतं. मी विचारलंसुद्धा, तर म्हणाला अकाउंटंट मॅडमचं खातं आहे. आता आपल्याकडं सांगा, राजारामपुरीत जा, महाद्वार रोडला जा, पाटी एका नावाची आणि क्यूआर लावलेला मालकाच्या भावाच्या नाहीतर बायकोच्या नावाचा, रोज आपण असेच पैसे देतो की नाही? पण तिथं माणूस समोर बसलेला असतो, उद्या जाऊन जाब विचारता येतो. न बघितलेल्या दुकानाला माणसाच्या नावावर पैसे पाठवू नका, बस्स.

पार्सल आलं ते हातात घेतल्याबरोबरच हलकं लागलं. ज्यावर टॅब चिकटवून वर पेन दाबायचंय त्याचा तळ जड पाहिजे, नाहीतर सगळं पालथं होईल. आत निघाला मोबाइलचा प्लास्टिक स्टँड, बिंदू चौकात शंभरला मिळेल असला. लगेच मेसेज केला तर इतका गोड बोलला, सॉरी मॅडम, गोडाउनची चूक, तुमचा पीस आजच पाठवतो, फक्त चुकीचा पीस परत येईपर्यंत एमआरपीतले उरलेले ६,५०० डिपॉझिट ठेवा, एक्स्चेंज झालं की परत. एक्स्चेंजला डिपॉझिट मागतात हे मी फर्निचरच्या बाबतीत ऐकलेलं, आणि २,४९९ आधीच अडकलेले, सराफाचं काम डोक्यावर, भरले. नंतर आज संध्याकाळी, उद्या सकाळी करत राहिला आणि एक दिवस ब्लॉक.

गेलेले पैसे सोडवायला आणखी पैसे मागितले की तिथंच थांबा.

आता बँक. माझ्या बँकेत गेले तर काउंटरवरचा म्हणतो, पिन तुम्हीच टाकला ना मग आम्ही काय करणार. अरे, पण १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, ताबडतोब फोन करा, पैसे पुढच्या खात्यात असतील तर होल्ड होऊ शकतात, हे एक वाक्य सांगायला तुमचं काय जात होतं? मला ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं, तोवर वेळ गेलेला. आधी १९३०, मग बँक, हा क्रम लक्षात ठेवा. बँकेला तक्रार लेखीच द्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं.

पोलीस ठाण्यात तर त्याहून वाईट. रक्कम किती विचारलं, ८,९९९ म्हटल्यावर पेनच खाली ठेवलं. "मॅडम, इथं लाखालाखाच्या केसेस पडल्यात." मग खातं परराज्यातलं, आमच्या हद्दीत येत नाही, सायबर पोलिसांकडं जा. सायबरला गेले तर आधी तुमच्या ठाण्यात अर्ज द्या. मी कोल्हापुरात बसून पैसे भरले, पार्सल कोल्हापुरात आलं, मग हद्द कुणाची? १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, हद्दीचं कारण देऊन ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही, आणि फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. हे मी त्यांना सांगितलं तर माझ्याकडंच असं बघितलं जसं काही चोर मीच. ८,९९९ म्हणजे माझे साजाच्या दोन डिझाइनचे पैसे आहेत, कुणाची दानदक्षिणा नाही. शेवटी नुसता अर्ज घेतला, पोचपावतीचा शिक्कासुद्धा अडून बसल्यावर मिळाला. तुम्ही पोचपावतीशिवाय हलू नका.

कुरिअरवाला पाठवणाऱ्याचा पत्ता देत नाही. जाहिरात रिपोर्ट केली तर उत्तर आलं, नियमात बसते.

तो जीएसटी नंबर मी नंतर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला, मिनिटभर लागतं, फुकट आहे. भलत्याच फर्मचा निघाला, त्यांचा या धंद्याशी काही संबंध नाही. साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि कंपनीचं कायदेशीर नाव असणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे, ते तिथं नव्हतं. जाहिरातीखाली कमेंट बंद होत्या. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून, माझ्याकडं तो आहे म्हणून आज काहीतरी पुरावा तरी आहे.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून अर्ज करते आहे, पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथं फी नाही. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत आणखी कुणाचे याच स्टँडपायी पैसे गेले असतील तर ज्या खात्यात गेले त्याचा यूपीआय आयडी आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. एकच खातं निघालं तर सगळे मिळून ठाण्यात जाऊ, मग बघू रक्कम छोटी आहे असं कोण म्हणतंय ते.