कॉम्बी बॉयलर, 17 महिन्यांनंतर: गळती असताना हीटिंग चालू ठेवण्याचा अनुभव

लीड्समधल्या आमच्या घरात कॉम्बी बॉयलर बसवून 17 महिने झाले. पहिल्या हिवाळ्यानंतर लिहिलं असतं तर दोन ओळींत आटोपलं असतं: गरम पाणी लगेच येतं, घर लवकर उबदार होतं, माळ्यावरची टाकी गेली. दुसऱ्या हिवाळ्यात गळती लागली आणि तेव्हा कुठे मला हे यंत्र नीट समजलं. पाचपैकी चार तारे देते.

भारतातून नव्याने आलेल्यांच्या डोक्यात गीझर असतो, म्हणून आधी एवढं सांगते. कॉम्बी म्हणजे नळाचं गरम पाणी आणि घर तापवणारे रेडिएटर दोन्ही सांभाळणारं गॅसवरचं एकच यंत्र. त्यात पाण्याच्या दोन वेगळ्या वाटा असतात. नळाचं पाणी मेन लाइनमधून येतं, बॉयलरमध्ये तापतं आणि निघून जातं. रेडिएटरमधलं पाणी मात्र तेच ते, बंद नळ्यांतून फिरत राहतं. थंड असताना त्याचा दाब साधारण 1 ते 1.5 बार हवा. 3 बारला सुरक्षा व्हॉल्व उघडतो आणि जास्तीचं पाणी भिंतीबाहेरच्या नळीतून पडतं. दाब फार उतरला, आमच्याकडे अर्ध्या बारच्या आसपास, की बॉयलर पेटतच नाही. त्यामुळे हीटिंग चालू ठेवायचं की नाही, हे ठरवण्याआधी गळती कुठल्या वाटेवर आहे ते शोधावं लागतं.

नोव्हेंबरपासून बॉयलरवरचा दाब दाखवणारा काटा उतरायला लागला. मी फिलिंग लूपच्या, म्हणजे मेन लाइनमधून रेडिएटरच्या वाटेत पाणी भरायच्या जोडनळीच्या, दोन्ही चाव्या उघडून दाब 1.2 वर आणायची आणि कामाला निघून जायची. आधी पंधरा दिवसांनी, मग तीन दिवसांनी, जानेवारीत तर रोज. ही माझी मोठी चूक होती. प्रत्येक भरणीबरोबर ताज्या पाण्यातला प्राणवायू आत जातो, गंज रोखणारं रसायन पातळ होतं, आणि रेडिएटरच्या तळाशी काळा गाळ साठत जातो. बॉयलरनेही मला एकदाही बजावलं नाही. दाब पार उतरला की तो बंद पडून कोड दाखवतो, पण रोज थोडाथोडा उतरतोय हे सांगत नाही. पाचवा तारा मी त्यासाठीच कापला आहे.

गळती सापडली ती सासूबाईंना. त्या सांगलीहून आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात कधीच चप्पल घालत नाहीत. एका सकाळी म्हणाल्या, "अगं, इथं खालून कोमट का लागतंय?" फ्रिजच्या शेजारी हातभर जागा कोमट होती आणि कडेला लादीखालून ओल येत होती. आमचं स्वयंपाकघर मागाहून वाढवलेलं, खाली कोबा. तांब्याची नळी काहीही न गुंडाळता त्या कोब्यात पुरली होती आणि सिमेंटने ती खाल्ली होती. ओल कळवणारे दोन छोटे गजर मी दहा-बारा पौंडांना घेतले होते, पण ते सिंकखाली होते आणि पाणी जमिनीच्या पोटात. अशा गळतीला त्यांचा उपयोग नाही, वॉशिंग मशीनमागे ठेवायला मात्र चांगले आहेत.

प्लंबर पाच दिवसांनी मिळणार होता. बाहेर उणे चार आणि सासूबाई 74 वर्षांच्या, म्हणजे हीटिंग पूर्ण बंद ठेवणं शक्यच नव्हतं. फोनवर त्याने आधी विचारलं, ओलीजवळ वायर किंवा सॉकेट आहे का? नव्हतं. असतं तर ती लाइन फ्यूजबोर्डावरच बंद करा आणि हीटिंग सुरू करू नका, असं तो म्हणाला. मग आम्ही हीटिंग सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालवलं. बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान 70 वरून 50 अंशांवर आणलं. सुरू करण्याआधी काटा बघायचा, 1 च्या खाली असेल तर भरायचं, आणि दोन्ही चाव्या घट्ट बंद. लूप उघडा सोडायचा मोह होतो, पण तसं केलं तर मेन लाइनचा दाब आत शिरतो, काटा 3 कडे जातो आणि गळती किती वाढली तेही कळत नाही. घरात कोणी नसताना आणि झोपताना हीटिंग बंद. बॉयलरची वीज मात्र चालू ठेवली, कारण थंडी फार वाढली तर गोठू नये म्हणून तो आपोआप थोडा पेटतो. सासूबाईंच्या खोलीत तेलाचा हीटर, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. तासाभरात काटा अर्धा बार उतरला असता तर मी सगळं बंद करणार होते.

स्वयंपाकघरातला रेडिएटर बंद केला तर गळती थांबेल असं मला वाटलं होतं. थांबली नाही, कारण भोक व्हॉल्वच्या अलीकडच्या नळीत होतं. गळती बुजवणारं द्रव घालायला प्लंबरने नकार दिला. बॉयलरच्या आतल्या बारीक वाटा त्याने तुंबतील, असं त्याचं म्हणणं होतं आणि मला ते पटलं.

त्याने आल्यावर बॉयलर बंद करून थंड होऊ दिला आणि त्याच्याखालचे, रेडिएटरकडे जाणाऱ्या-येणाऱ्या नळ्यांचे, दोन्ही व्हॉल्व बंद केले. काटा जागचा हलला नाही, म्हणजे दोष बॉयलरचा नव्हता. कोबा फोडण्याऐवजी त्याने जुनी नळी तोडून नवी नळी भिंतीच्या कडेने नेली आणि गंजरोधक नव्याने भरलं. एवढ्या कामाला गॅस सेफ नोंदणी (गॅसची कामं करणाऱ्यांची इथली अधिकृत नोंदणी) लागत नाही. पण बॉयलरचं झाकण उघडायचं असेल तर ती लागतेच. ओळखपत्र मागा आणि मागची बाजू वाचा, तिथे त्या माणसाला कुठली कामं करता येतात ते लिहिलेलं असतं.

फेब्रुवारीत सिंकखालची थंड पाण्याची नळी ठिबकायला लागली. यावेळी मी काटा बघितला, 1.3 होता, आणि स्टॉपकॉक, म्हणजे घरात येणाऱ्या पाण्याची मुख्य चावी, बंद केला. दोन दिवस नळाला पाणी नव्हतं, पण रेडिएटर गरम होते, कारण त्यांचं पाणी वेगळं. मॅंचेस्टरच्या मैत्रिणीकडे जुनी पद्धत आहे, माळ्यावर छोटी टाकी. तिला मी तसं करू नकोस म्हटलं. तिच्याकडे रेडिएटरच्या वाटेवर गळती असेल आणि मेन बंद केलं, तर ती टाकी रिकामी होत जाते, आणि ते दाखवायला काटाही नसतो.

दुरुस्तीला अकरा आठवडे झाले. काटा 1.3 वर आहे, लूपला हात लावलेला नाही. ऑक्टोबरच्या सर्व्हिसला एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या डब्यातली) हवा आणि चुंबकाच्या फिल्टरमध्ये साठलेला गाळ तपासून घेणार आहे.