कार्बन कर, कार्बन बाजार की अनुदान? लहान फौंड्रीवाल्यानं कशाची मागणी करावी

उत्सर्जन कमी करण्यासाठी सरकारनं नेमकं काय करावं, असं कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्याला (लोखंड वितळवून ओतीव माल करणाऱ्याला) विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘अनुदान द्या, कर तेवढा नको.’ लहान फौंड्रीपुरतं बोलायचं तर माझं मत नेमकं उलट आहे. ते का, हे टनाच्या हिशेबात सांगतो.

कुपोला म्हणजे कोकवर (भाजलेल्या कोळशावर) चालणारी भट्टी. तिचा कोक रेशो, म्हणजे कोक आणि लोखंडाचं प्रमाण, 1:8 असेल तर टनभर लोखंड वितळायला 125 किलो कोक लागतो. किलोभर कोक जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे टनाला पावणेचारशे किलो. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसला टनामागे 600 युनिट धरा. देशातल्या ग्रिडच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे 0.7 किलो उत्सर्जन होतं, म्हणजे 420 किलो. फर्नेसचा धूर आपल्या शेडवर दिसत नाही, तो कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांच्या चिमणीतून निघतो, एवढाच फरक. रेशो 1:6 वर घसरलेली कुपोला मात्र 500 किलोवर जाते. म्हणून कुठलंही धोरण तपासताना पहिला प्रश्न हा की ते किलो मोजतं की मशीन बघतं.

कर किलो मोजतो. टन कार्बन डायऑक्साइडला हजार रुपये लावले तर 400 किलोचे 400 रुपये, म्हणजे कास्टिंगच्या (ओतीव मालाच्या) किलोला 40 पैसे. दर आधी जाहीर असेल तर तो रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये धरता येतो. रेशो 1:6 वरून 1:8 वर आणला तर टनामागे चाळीसेक किलो कोक वाचतो, त्याचे पैसे वेगळे आणि करातले सव्वाशे रुपये वेगळे. त्यासाठी कुणाकडे फाइल घेऊन जावं लागत नाही.

यातली अडचण पैसा जातो कुठं ही आहे, आणि आपला अनुभव काही चांगला नाही. कोळशावरचा उपकर 2010 मध्ये टनाला 50 रुपये होता, 2016 पर्यंत 400 झाला. पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीसाठी होता. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो राज्यांच्या भरपाईकडे वळला. सप्टेंबर 2025 मध्ये उपकर गेला, कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. जीएसटी किमतीवर लागतो, कार्बनवर नाही. हलका कोळसा स्वस्त, म्हणून त्याच्यावर टनाला कर कमी! कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानं 2008 मध्ये टनाला 10 डॉलरपासून सुरुवात केली, दरवर्षी 5 डॉलर वाढवत 2012 मध्ये 30 वर नेले आणि जमा झालेला पैसा इतर कर कमी करून परत दिला. तिथंही ग्राहकांवरचा कर एप्रिल 2025 मध्ये बंद झाला. म्हणजे कर राजकारणापुढे टिकतोच असं नाही.

बाजाराची गोष्ट वेगळी. सरकार उत्सर्जनाची एकूण मर्यादा ठरवतं, परवाने विकतं किंवा वाटतं, आणि भाव बाजार ठरवतो. मर्यादा खरी असेल तर उत्सर्जन किती कमी होणार याची खात्री कराहून जास्त. पण भावाचं काय? युरोपचा बाजार 2005 पासून चालू आहे. 2013 मध्ये भाव टनाला 3 युरोच्याही खाली गेला होता, 2023 मध्ये 100 युरोला शिवून आला. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव बघून आधीच डोकं उठलेल्या माणसाला हा तिसरा भाव कशाला? आपल्या केंद्र सरकारनं 2023 मध्ये अधिसूचित केलेल्या कार्बन क्रेडिट योजनेत एकूण मर्यादा नाही, उत्पादनाच्या टनामागे लक्ष्य आहे, आणि ते मोठ्या उद्योगांना. लहान फौंड्री त्यात ओढली गेली तर मोजणी आणि पडताळणीचा खर्चच क्रेडिट विकून येणारा पैसा खाऊन टाकेल.

आता सगळ्यांचं लाडकं अनुदान. दहा हजार चौरस फुटांचं छत, त्यावर 100 किलोवॅट सोलर, वर्षाला साधारण 1.4 लाख युनिट. 600 नं भागा: 230 टनांचं मेल्टिंग. महिन्याला 200 टन काढणाऱ्याचं हे जेमतेम सव्वा महिन्याचं काम. सोलरवर 40 टक्के घसारा (करातली वजावट) मिळतो, पण तो नफा दाखवणाऱ्याच्या उपयोगाचा. भाड्याच्या शेडमध्ये जॉबवर्क करणाऱ्याच्या हाती काय? पत्रा मालकाचा, आणि पॅनेल त्यानं बसवले तर घसाराही त्याचाच. शिवाय सरकार जे देतं ते थांबवूही शकतं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना विचारा: इथेनॉलला प्रोत्साहन म्हणून डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या आणि डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली, लगेच थोडी सैल केली आणि 2024 मध्ये उठवली.

‘काहीच नको’ म्हणणाऱ्यांनी 2019 आणि 2021 चा पूर आठवावा. महामार्ग दिवसेंदिवस बंद, माल जागेवर. पुराला धरणाचा विसर्ग आणि नदीपात्रातली बांधकामंही कारण आहेत, हे मान्य. पण अतिवृष्टीचा धोका वाढतोय आणि तो खर्च कुठल्याच लेजरमध्ये लिहिला जात नाही.

निर्यातदारांसाठी एक मुद्दा निर्णायक आहे. युरोपच्या सीमेवरच्या कार्बन शुल्काचा पैशाचा हिशेब 1 जानेवारी 2026 पासून लागू झाला. लोखंड-पोलादात पाईप, पाईप फिटिंग, नट-बोल्ट आहेत. इंजिनाचे सुटे भाग सध्या थेट नाहीत. आपल्या देशात भरलेली कार्बनची किंमत त्या शुल्कातून वजा होते. इथं भरली नाही तर ती तिकडच्या तिजोरीत जाणार. शुल्क टप्प्याटप्प्यानं पूर्ण लागू झाल्यावर टनाला 70 युरोचा भाव धरला तर 400 किलोचे 28 युरो, म्हणजे किलोला अडीच-पावणेतीन रुपये. आपल्या 40 पैशांशी ताडून बघा.

म्हणून माझा कौल कराला, पण तीन अटींवर: सुरुवात कमी दरानं, पुढच्या दहा वर्षांचं वेळापत्रक आधी जाहीर, आणि जमा रकमेतून उद्योगाचं वीज शुल्क कमी. तिसरी अट लेखी मिळत नसेल तर मी अनुदानवाल्यांच्या रांगेत जाईन. आणि ज्याचं स्वतःचं छत आहे, वर नफाही आहे, त्यानं सोलर यंदाच बसवावं. कुठलं धोरण येतं याची वाट बघण्यात त्याला काही फायदा नाही.