सोलापूरहून ट्रॅकवर जायचंय: बुद्ध की मद्रास?

सोलापूरच्या रायडरला सरळ रस्त्याचं अप्रूप नसतं. विजापूर रोड घ्या नाहीतर हैदराबाद रोड, हँडल न वळवता मैलोन्‌मैल जाता येतं. मोठा घाट म्हणाल तर जवळपास नाहीच. तेव्हा पैसे मोजून शर्यतीच्या ट्रॅकवर बाईक घेऊन जायचं ते वळणं शिकायला. ग्रेटर नोएडाचं बुद्ध की चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास, हे मी तरी याच हिशेबानं ठरवलं.

नावानं बुद्धच मोठं. शर्यतीचे ट्रॅक आखणाऱ्या हर्मन टिल्केचं डिझाइन, 5.125 किलोमीटर, गुळगुळीत डांबर. 2011 ते 2013 तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलनं मारल्या. मग करमणूक कराचा घोळ झाला आणि तंबू उठला. 2023 ला मोटोजीपी, म्हणजे बाईकची जागतिक शर्यत, येऊन गेली, मार्को बेझेकी जिंकला. तिसऱ्या वळणाचा चढ तर खरोखर झकास.

पण तो चढ संपला की किलोमीटरभर सरळ पट्टी! माझी बाईक तीनशे सीसीच्या घरातली. पट्टी संपायच्या बरंच आधी सहावा गिअर पडलेला, इंजिनात आणखी काही उरलेलं नाही, आणि मी टाकीवर छाती टेकून नुसता पडलेला. तेवढ्यात शेजारून लिटरबाईक, म्हणजे हजार सीसीची, सुटते आणि वाऱ्याच्या झोतानं हँडल थरथरतं. दर फेरीला हेच. विजापूर रोडला कंटाळून यायचं आणि इथं फी भरून पुन्हा सरळच जायचं! तुमच्याकडे लिटरबाईक असेल तर हे सगळं सोडून द्या, तुम्हाला तिथंच मजा येईल.

मद्रासचा थाट जुना. आधी शोलावरमच्या विमानांच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. इरुंगट्टुकोट्टईचा हा ट्रॅक 1990 चा, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. 3.717 किलोमीटरमध्ये 12 वळणं. लहान बाईकच्या राष्ट्रीय शर्यती वर्षानुवर्षं इथं होतात, आणि का ते दोन फेऱ्यांत कळतं: एका वळणातून बाईक सरळ होते न होते तोच पुढच्याचं ब्रेकिंग आलेलं असतं. चूक झाली तर ती पुढच्या वळणात लगेच वसूल होते.

उकाडा मात्र वाईट. आपलं ऊन कोरडं. तिथं दुपारी लेदर सूट अंगावेगळा करायला दुसरा माणूस लागतो.

प्रवासाचं म्हणाल तर दोन्हीकडे सोलापूरहून थेट रेल्वे आहे. टाकी रिकामी करून, गोणपाट गुंडाळून बाईक पार्सलला टाकायची, पुढे टेम्पो. त्यात डावं-उजवं नाही. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर बुद्ध बघून या. वरचेवर जायचं असेल तर माझं मत मद्रासला. फक्त ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस असतो, जानेवारीतली तारीख धरा.