कंट्रोल चार्ट लावू की तपासणीस वाढवू?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मेव्हण्याचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचा (ओतीव नगाचा) बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, करून द्यायचा, एवढंच काम. रिजेक्शन वाढलं तसा परवा विचारत होता, "भावजी, शेवटी अजून एक तपासणीस बसवू, का लेथवरच कंट्रोल चार्ट लावू?" कंट्रोल चार्ट म्हणजे काम चालू असतानाच नगांची मापं मांडत जायचा आलेख.

खर्चात तपासणी स्वस्त वाटते, पण पगार दर महिन्याला जातो. चार्टला कागद, पेन्सिल आणि भोकाचं माप आकड्यात दाखवणारा बोअर डायल गेज लागतो. प्लग गेज इथं कामाचा नाही. तो 'जातंय' किंवा 'जात नाही' एवढंच सांगतो, आकडा देत नाही.

खरा फरक वेळेचा. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, झिजतं तसा बोअर बारीक होत जातो. तपासणीसाला ते संध्याकाळी कळतं, तोवर ट्रे भरलेला. चार्टवर दर तासाला सलग पाच नगांची सरासरी मांडली, की ठिपके खाली उतरताना दिसतात आणि ऑपरेटर तिथंच ऑफसेट देतो, म्हणजे हत्यार तेवढं सरकवून घेतो. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन अभियंत्यानं ही युक्ती १९२४ साली काढली. ठिपका ज्यांच्या बाहेर गेला की काहीतरी बिघडलंय असं समजायचं, त्या मर्यादा म्हणजे एकूण सरासरी अधिक-उणे ०.५७७ गुणिले सरासरी रेंज (रेंज म्हणजे गटातल्या पाच नगांत सर्वात मोठं वजा सर्वात लहान माप). ड्रॉइंगचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) तिथं ओढू नका, बरेच जण तीच चूक करतात.

या मर्यादा काढायला सुरुवातीला पाच-पाच नगांचे २०-२५ गट मोजायचा कंटाळा मात्र आहे.

रोज तोच नग शेकड्यानं काढत असाल तर चार्ट. दहा-वीस नगांच्या सुट्या ऑर्डरी असतील, किंवा ब्लोहोलचा, म्हणजे ओतकामात हवेनं राहिलेल्या पोकळ्यांचा, त्रास असेल, तर तपासणीसच. ब्लोहोल बोअरच्या चार्टवर दिसत नाही.