लॉ फर्म की कंपनीचं लीगल खातं?

दोन्ही ऑफर हातात असतील तर आधी तासांचं बघा. बहुतेक मोठ्या फर्ममध्ये दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत टाइमशीटवर, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ गेला याच्या नोंदीवर, चढतो. क्लायंटला आठ तासांचं बिल लावायला दहा-अकरा तास बसावं लागतं. टाइमशीट रोजच्या रोज भरा. आठवड्याने भरली की छोटे फोन आणि ईमेल हमखास सुटतात. कंपनीत ही कटकट नाही, पण तिमाहीअखेरीस सेल्सवाले करार घेऊन मानगुटीवर बसतात.

बढती? फर्ममध्ये असोसिएट, सीनियर असोसिएट, पार्टनर ही शिडी ठरलेली. इक्विटी पार्टनर, म्हणजे फर्मच्या मालकीत आणि नफ्यात वाटेकरी, व्हायला मात्र स्वतःचे क्लायंट लागतात, बहुधा भांडवलही. कंपनीत वरचा हलेपर्यंत जागाच नसते.

मसुद्यावर हात बसवायचा असेल तर सुरुवातीची वर्षं फर्मच. तिथून कंपनीत जाणं सोपं, उलटं अवघड. धंद्याच्या निर्णयात सहभाग हवा असेल तर कंपनी.