मनी बेल्ट, गळ्यातला पाउच की चोरखिसा?

प्रवासात पैसे आणि पासपोर्ट कुठे ठेवायचे याचे तिन्ही प्रयोग माझे करून झालेत. कपड्यांच्या आत कमरेला बांधायचा मनी बेल्ट, गळ्यात अडकवायचा पाउच आणि पँटला आतून शिवून घेतलेला चोरखिसा. मागच्या खिशातलं पाकीट मी यात धरतच नाहीये, ती सोय चोराची आहे, आपली नाही.

सुरुवातीला मी पक्का बेल्टवाला होतो. त्याचं एक मान्यच करायला हवं, मावतं भरपूर. पासपोर्ट, दोन कार्डं, घडी केलेल्या नोटा सगळं सपाट बसतं आणि वरून ढगळ शर्ट घातला की पत्ता लागत नाही. घामाचा त्रास सगळेच सांगतात आणि तो आहेच, नायलॉनचा असेल तर संध्याकाळपर्यंत कंबरेला खाज आणि नोटा दमट होऊन एकमेकींना चिकटलेल्या. पण झिपवाल्या छोट्या प्लास्टिक पिशवीत घातल्या की निदान नोटांचं तरी भागतं, त्यामुळे नुसत्या घामावरून मी बेल्ट सोडला नसता.

सोडला तो त्याच्या सरकण्यामुळे. उभं राहून बांधला तर बसल्यावर पोटात रुततो, बसून बांधला तर उठल्यावर खाली घसरतो, म्हणजे बरोबर माप असं काही नाहीच. मग दर थोड्या वेळाने शर्टावरूनच दोन बोटांनी धरून वर ओढायचा, बकल बाजूला गेलंय का बघायचं, परत ओढायचा. आणि गंमत म्हणजे हे आपण करतोय हे आपल्याला कळतच नाही. एकदा ट्रेनमध्ये समोर बसलेल्या आजोबांनी पेपरमधून डोकं वर काढून अगदी शांतपणे विचारलं, "कमरेला पैसे बांधलेत ना? मघापासून पाचव्यांदा हात गेला तुमचा." मी हसून वेळ मारून नेली पण पोटात गोळा आला. पेपर वाचता वाचता यांनी पाच मोजले, तर ज्याचा धंदाच तो आहे त्याला किती वेळ लागेल?

खिसेकापू बरेचदा दोघं-तिघं मिळून काम करतात, एक दारात अडून राहतो किंवा धक्का देतो, दुसरा हात घालतो, माल लगेच तिसऱ्याकडे. आणि धक्का लागला की आपण सगळ्यात आधी काय करतो, तर जिथे पैसे आहेत तिथे चाचपतो. शोधायचं कामसुद्धा आपणच करून देतो त्यांना. तेव्हा बेल्ट सुरक्षित असेलही, पण तो मला गप्प बसू देत नव्हता.

गळ्यातला पाउच मला फक्त विमानाच्या दिवशी आवडला. त्या दिवशी पासपोर्ट चार-पाच वेळा काढायचा असतो आणि प्रत्येक वेळी पँटशी झटापट करण्यापेक्षा पाउच केव्हाही बरा. एरवी मात्र मानेमागे दोरी दिसते, दोरी दिसली की बाकी लपवण्यात काही अर्थ राहत नाही. वाकलं की तो पुढे लोंबतो तेही आहेच. बायकोचं मत वेगळं आहे, तिच्या ड्रेसना खिसेच नसतात, तर ती पाउच गळ्यात सरळ न घालता जॅकेटच्या आत तिरका, काखेखाली येईल असा घालते आणि तिचं व्यवस्थित चालतं. त्यामुळे पाउच वाईट असं मी म्हणणार नाही, निदान घरात तरी नाही.

आता चोरखिसा. शिंप्याकडे पँट दिली आणि कमरपट्टीच्या आतून पुढच्या बाजूला एक खिसा लोंबता शिवून घेतला, वर झिप. माप मात्र नीट सांगा, पासपोर्ट 125 बाय 88 मिलिमीटरचा असतो, त्यात बोटं जायला जागा धरून मी साधारण 15 बाय 11 सेंटिमीटर सांगितलं. पहिल्या वेळी मांडीच्या घडीवर आला आणि बसलं की पासपोर्ट वाकायला लागला, मग उसवून जरा बाजूला घेतला. कापड सुती घ्या. वेल्क्रो नको, शांत ठिकाणी खर्रकन वाजतो आणि सगळे वळून बघतात.

याचे तोटे आहेत. असा खिसा दोनच पँटना आहे त्यामुळे सगळा प्रवास त्या दोनच पँटमध्ये, आणि सगळ्यांची बाथरूम एकच असेल तिथे अंघोळीला जाताना पँट आत न्यावी लागते. हाफ पँटवाल्यांचं काय करायचं मला माहीत नाही. पण तो सरकत नाही, रुतत नाही, आणि अर्ध्या तासात मी विसरूनच जातो की तिथे काही आहे. माझा हात जात नाही. मला तरी एवढं पुरे आहे, तुमचं पोट सपाट असेल तर बेल्ट कदाचित सरकणारही नाही.

दुकानात 'आरएफआयडी ब्लॉकिंग' म्हणून, म्हणजे खिशातलं कार्ड कुणी बाहेरून रेडिओ लहरींनी वाचू नये असं अस्तर आहे म्हणून, जास्त पैसे मागितले तर मी देत नाही. टॅप करायचं कार्ड जेमतेम काही सेंटिमीटरवरून वाचलं जातं आणि चिप दर व्यवहाराला नवा कोड तयार करते, गर्दीत भीती असलीच तर बोटांची.

आणि तिन्हीपैकी काहीही घ्या, दिवसभराचे सुटे पैसे पुढच्या खिशात वेगळे ठेवा, नाहीतर काउंटरवर सगळ्यांसमोर शर्ट वर करायची वेळ येते. दुसरं कार्डही बॅगेत कुठेतरी वेगळं.

हो, आणि पँट धुवायला टाकताना चोरखिसा बघा. मी इतका विसरलो होतो की एकदा नोटा मशीनमधून फिरून आल्या, दोरीवर चिमटे लावून वाळवल्या आणि दोन तास खिडकीत राखण करत बसलो.