नोहाब एमवाय : एचओ मॉडेल, काही महिन्यांच्या वापरानंतर

डॅनिश रेल्वेचं एमवाय हे डिझेल इंजिन एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात घ्यायचा विचार असेल, तर आधी खरं इंजिन समजून घ्या. मॉडेलमध्ये जे आवडतं आणि जे छळतं, त्यातलं बहुतेक मूळ आराखड्यातूनच आलेलं आहे. उत्पादकाचं नाव इथे देत नाही. हे डिजिटल डीकोडर (रुळातून येणारे आदेश ओळखून इंजिन चालवणारी चिप) आणि आवाजासहितचं मॉडेल आहे, आणि ते गेल्या दिवाळीपासून नियमित चालतं आहे.

मूळ घराणं अमेरिकन. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाचं एफ७ हे गोल नाकाचं इंजिन तिकडे गाजलं, पण त्याला चालकाची केबिन एकाच टोकाला होती. ऑस्ट्रेलियात क्लाइड कंपनीने १९५२ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या रेल्वेसाठी त्याच घडणीचं दोन्हीकडे नाक असलेलं इंजिन काढलं. त्याच वाटेने स्वीडनमधल्या ट्रोलहेट्टानच्या नोहाब कारखान्याने परवाना घेऊन युरोपसाठी इंजिनं बांधायला घेतली. डॅनिश रेल्वेला पहिलं, एमवाय ११०१, १९५४ मध्ये मिळालं आणि १९६५ पर्यंत एकूण ५९ झाली. पहिली चार १,५०० अश्वशक्तीची, मधली १,७०० ची आणि ११४५ पासूनची १,९५० ची. नॉर्वेने डीआय ३ नावाने ३५ घेतली, हंगेरीने एम६१ म्हणून २०. बेल्जियमची ४० आणि लक्झेंबर्गची ४ मात्र बेल्जियममधल्याच आंग्लो-फ्रँको-बेल्ज कारखान्यात बांधली गेली. शीतयुद्ध ऐन भरात असताना पूर्व गटातल्या हंगेरीने अमेरिकन यंत्राची इंजिनं विकत घेतली, ही गोष्ट आजही विलक्षण वाटते. पुढे तिथे सोव्हिएत एम६२ आली.

आता मॉडेलकडे. खरी लांबी १८.९ मीटर, म्हणजे मॉडेल २१७ मिलिमीटरच्या आसपास भरायला हवं. हे बरोबर भरतं. नाकाचा उतार आणि काचांचा कोन उत्तम उतरला आहे. एमवायचं सगळं रूप त्या नाकात आहे, ते चुकलं की बाकी कितीही बारकावे दिले तरी उपयोग नसतो.

सगळ्यात जास्त लक्ष बोगीकडे, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीकडे, द्यावं लागतं. एमवायच्या दोन्ही बोगींना तीन-तीन आस, पण मोटर फक्त बाहेरच्या दोन आसांवर. मधला आस नुसता वजन वाटून घेतो. वजन शंभर टनांच्या वर, म्हणून एका आसावर येणारा भार कमी ठेवायला ही रचना केली होती. मॉडेलमध्ये मधली चाकं खालीवर सैल हलली पाहिजेत. धूळ किंवा सुकलेलं तेल बसून ती अडकली, की रुळाच्या जोडावर मधला आस बोगीला उचलतो, चालती चाकं अधांतरी होतात, इंजिन घसरतं आणि वीजही तुटते. सांध्यांवर इंजिन अडखळू लागलं की लोक आधी रूळ घासत बसतात. त्याआधी इंजिन उलटं करून फोमवर ठेवा आणि मधली चाकं बोटाने दाबून बघा. दाबल्यावर ती लगेच परत वर आली नाहीत, तर दोष तिथेच आहे. नॉर्वेच्या बहुतेक डीआय ३ ना मात्र सहाही आसांवर मोटर होती. त्याच चौकटीवर रंग बदलून नॉर्वेची आवृत्ती विकली जात असेल, तर घेण्याआधी एवढं विचारून घ्या.

तेल प्रत्येक आसाच्या टोकाला सुईच्या अग्रावर मावेल तेवढंच द्यावं. जास्त दिलं तर ते उडून रबरी टायरवर येतं आणि चढावर ओढ संपते. टायर कोरडे असताना ३ टक्के चढावर सहा डबे निघतात. तेलकट झाले की चारालाच चाकं जागेवर फिरतात. चाकं सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, पण ते रंगाला आणि छापील आकड्यांना लागू देऊ नका. पॉलिश पेपर तर अजिबात नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी पक्का बसतो. मुंबई-कोकणच्या दमटपणात वीज घेणाऱ्या पट्ट्या पावसाळ्यात काळ्या पडतात. मॉडेल ठेवायच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि ती महिन्या-दोन महिन्यांनी बदला.

वेग कारखान्यातून फार जास्त येतो. खऱ्या एमवायची कमाल ताशी १३३ किलोमीटर. या प्रमाणात ते सेकंदाला साधारण साडेबेचाळीस सेंटिमीटर होतं. दोन मीटरचा सरळ भाग मोजा आणि तो पार करायला ४.७ सेकंद लागेपर्यंत सीव्ही ५ (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांकाची सेटिंग, पाचवी कमाल वेगाची) कमी करत जा. कंट्रोलरवरून इंजिन निवडायचा पत्ता म्हणून त्याचा पूर्ण क्रमांक हवा असेल, तर १११२ साठी सीव्ही १७ मध्ये १९६, सीव्ही १८ मध्ये ८८, आणि सीव्ही २९ नेहमीचं ६ असेल तर ३८ करा. शेवटची पायरी विसरली की इंजिन जुन्या पत्त्यालाच उत्तर देत राहतं, आणि डीकोडर बिघडल्यासारखा वाटतो.

आवाज हा या मॉडेलचा कमकुवत भाग आहे, आणि त्याचं कारण खऱ्या इंजिनाच्या आत आहे. एमवायमधल्या यंत्राचं नाव ५६७, आणि हा आकडा एका सिलिंडरच्या घनइंचांचा. यंत्र टू-स्ट्रोक, म्हणून प्रत्येक सिलिंडर दर फेरीला पेटतो. उभं असताना २७५ फेऱ्यांना सोळा सिलिंडर सेकंदाला सुमारे ७३ वेळा पेटतात. एवढा खालचा सूर ११ बाय १५ मिलिमीटरच्या स्पीकरमधून येऊच शकत नाही, त्यामुळे घुमण्याऐवजी नुसती घरघर ऐकू येते. इंधनटाकीच्या पोकळीत मोठा स्पीकर हवाबंद पेटीसह बसवला आणि आवाज निम्म्यावर आणला की बराच सुधारतो. पेटीच्या कडेला फट राहिली तर मात्र फरक पडत नाही. आपल्याकडच्या डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेल इंजिनाचं ७१० यंत्र याच घराण्यातलं, त्यामुळे ठेका ओळखीचा वाटेल. पण त्याला टर्बो (धुराच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप) आहे, एमवायला नाही. इथे हवा रूट्स ब्लोअर, म्हणजे यंत्राच्याच फिरण्यावर चालणारा पंप, ढकलतो. आवाजाच्या फाइलमध्ये टर्बोची शिट्टी ऐकू आली तर ती फाइल दुसऱ्या इंजिनाची आहे.

रंगाच्या बाबतीत युग सांभाळा. जुना रंग गर्द मरून, नाकावर पंखांचं चाक आणि मुकुट. १९७० च्या दशकापासून काळं अंग आणि लाल नाक. मरून इंजिनामागे नव्या लाल रंगाचे डबे जोडले की जाणकाराला लगेच खटकतं. एमवायमध्ये डबे गरम ठेवायला वाफेचा बॉयलर होता, म्हणून वाफेवर तापणारे जुने डबेच त्यामागे शोभतात.

सोबत येणाऱ्या पिशवीतले हवेचे पाइप आणि बफरखालचे बारीक भाग दोन्ही टोकांना लावू नका. साधारण ४४० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर जोडणी त्यांना अडकते आणि मागचा डबा रुळावरून उतरतो. एक टोक सजवा, दुसरं ओढण्यासाठी मोकळं ठेवा. वरचं कवच काढताना बाजूंना जुनी एटीएम कार्डं एक मिलिमीटर सरकवून घ्या आणि नाकाला धरून ओढू नका, तिथल्या दिव्यांच्या तारा आखूड आहेत.

जुनं मॉडेल घेत असाल तर विक्रेत्याकडे डोळ्यांना सुखावणाऱ्या फोटोंऐवजी उलट्या ठेवलेल्या बोगीचा फोटो मागा, आणि इंजिन सगळ्यात कमी वेगाला सांध्यांवरून जातानाचा व्हिडिओ. रबरी टायर आणि मधल्या आसाच्या स्प्रिंगा सुट्या मिळतात की नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्या. या दोन वस्तू लागणारच आहेत.